हजेरीपट काय सांगतो?

शाळेच्या स्टाफरूममध्ये निर्णय कसे होतात, हे आम्ही बरीच वर्षे पाहत आलो आहोत. चहा येतो, एखादे ज्येष्ठ सर अनुभवाचे बोल सांगतात, बाकीचे माना डोलावतात आणि ठरते. अनुभव खोटा नसतो; पण त्यात मनाला टोचलेले तेवढेच लक्षात राहते.

गेल्या वर्षी आठवीच्या मुलींच्या गैरहजेरीचा विषय निघाला. निदान तयारच होते: पालकांना मुलींच्या तालीमची पर्वा नाही, लग्नसराई आली की मुली घरी. उपायही ठरला. पालकांना बोलावून सक्त ताकीद द्यायची. आम्हीही मान डोलावली होती, हे कबूल करतो. घरी आल्यावर मात्र धास्ती वाटू लागली. आमच्या वस्तीत अशी चिठ्ठी गेली की काही अब्बा एकच उत्तर देतात, "रोजची कटकट नको, बस झाली शाळा." मुलगी कायमची घरी बसली, तर जबाबदार कोण?

म्हणून मुख्याध्यापकांना विचारून तीन महिन्यांचा हजेरीपट उतरवून घेतला. वहीत वारांचे रकाने आखले. आठवडी बाजाराच्या दिवशी गैरहजेरी जास्त असणार, हा आमचा अंदाज. पण सगळे वार जवळजवळ सारखे निघाले. दोन संध्याकाळी फुकट गेल्या असे वाटले. मग अकरावीत शिकणाऱ्या आमच्या मुलीने तीच माहिती मोबाइलवरच्या शीटमध्ये भरली आणि वार सोडून तारखांच्या क्रमाने आलेख काढला. रेघ करवतीच्या दातांसारखी दिसली, एक दिवस वर, एक दिवस खाली.

आमच्या भागात नळाला पाणी एक दिवसाआड येते! या आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार, तर पुढच्या आठवड्यात मंगळवार, गुरुवार, शनिवार. वारांची बेरीज केली की हा फरक पुसला जातो. माहिती तीच, मांडणी चुकली होती.

तरीही आलेखावरून कारण पक्के होत नाही. मुलींना विचारले. "टीचर, नळ सातला येतो. अम्मी कामावर गेलेली असते. पाणी भरून यावे तर गेटवर उभे करतात, म्हणून घरीच राहतो." म्हणजे अर्ध्या तासाच्या उशिराची पूर्ण दिवसाची गैरहजेरी आमच्याच नियमाने केली होती. हजेरी पहिल्या तासाला घेतात, त्यामुळे उशिरा आलेली मुलगीही पटावर गैरहजरच. कोणत्याही आकड्यापुढे बसताना तो कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला, हे आधी विचारावे, एवढे आम्ही यातून शिकलो.

सहीह बुखारीत हजरत हुजैफा (र.) यांची रिवायत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इस्लाम स्वीकारलेल्यांची नावे लिहून आणायला सांगितली आणि 1500 पुरुषांची नोंद झाली. तिथेच दुसऱ्या वर्णनकर्त्याकडून 500 आणि तिसऱ्याकडून 600 ते 700 असाही आकडा आला आहे. इमाम बुखारींनी सोयीचा तेवढा ठेवून बाकीचे गाळले नाहीत. आमच्या बैठकीत मात्र नावडता आकडा पहिल्यांदा गळतो.

हे फक्त शाळेपुरते नाही. बेकरीवाल्या भाईंना विचारा, शिल्लक माल कोणत्या दिवशी जास्त राहतो? उत्तर तत्काळ मिळेल. मग महिनाभर रोज रात्री उरलेले पाव मोजून लिहायला सांगा. देण्याघेण्याचा व्यवहार लहान असो वा मोठा, लिहायला कंटाळू नका, असे सूरह बकरहमध्ये सांगितले आहे. कुरआनची ती सर्वात लांब आयत आहे, आणि उधारीच्या वहीपलीकडे तिचा उपयोग आपण फारसा केलेला नाही.

आमच्या शाळेत शेवटी असे ठरले की पाण्याच्या दिवशी उशिरा आलेल्या मुलींना वर्गात घ्यायचे, उशिराचा रकाना वेगळा ठेवायचा आणि गणित तिसऱ्या तासाला न्यायचे. ज्येष्ठ सर म्हणाले, शिस्त बिघडेल. तेही अगदी चुकले नाहीत. दोन मुलगे नळाचे निमित्त सांगून आरामात येऊ लागले. पुढचे तीन महिने पुन्हा मोजले. करवतीचे दात बरेच बोथट झाले.

तीन मुलींच्या पुढे मात्र गैरहजेरी तशीच आहे, पाणी असो वा नसो. त्यातल्या एकीची मंगनी झाल्याचे कानावर आले आहे, म्हणजे सरांचे म्हणणे तिच्या बाबतीत खरे ठरले. या रविवारी आम्ही तिघींच्या घरी जाणार आहोत. चिठ्ठी पाठवलेली नाही.