पेन्शन कुणाची, तक्रार कुणाची?

घरातला मुलगा आयटीत असला की त्याला दोन कामं आपोआप चिकटतात. एक म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांचे मोबाईल नीट करणं. दुसरं म्हणजे बँका आणि विमा कंपन्यांना "जरा कडक इंग्लिशमध्ये" मेल लिहून देणं. मी नोकरीला पुण्यात, घर नाशिकला सिडकोत. त्यामुळे हे दुसरं काम शनिवार-रविवारच्या वाट्याला येतं. आईवडिलांना, काका-मावश्यांना विकलेल्या "पेन्शन पॉलिसीं"च्या बऱ्याच फाईली यात वाचून झाल्या आणि माझं एक मत बनलंय. बऱ्याच जणांना ते आवडणार नाही, पण सांगतोच. तक्रार लिहायला बसण्याआधी ती नक्की कुणाची आहे हे विचारा. म्हाताऱ्या माणसाची की त्याच्या वारसांची?

आधी थोडं आमच्या गावाबद्दल. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधून रिटायर होणाऱ्या फिटर, टर्नर, सुपरवायझर मंडळींना ईपीएस-९५ची पेन्शन मिळते. ती किती असते? २०१४ साली सरकारने ती किमान हजार रुपये केली, त्यावरून आधी काय होतं याचा अंदाज घ्या. शेजारी नाशिकरोडच्या प्रेसमधून पूर्वी रिटायर झालेले आजोबा मात्र दर महिन्याला ऐटीत सरकारी पेन्शन काढतात. म्हणजे इकडे "पेन्शन" हा नुसता शब्द नाही, ती एक इज्जत आहे. आणि इकडच्यांच्या हातात काय असतं? पीएफ आणि ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम. ती ज्या बँकेत जमा होते त्या बँकेला ती लगेच दिसते. मग इतकी वर्षं काउंटरवर ताटकळणाऱ्या माणसाला एकदम केबिनमध्ये खुर्ची आणि चहा!

आमच्या ओळखीच्या एका काकांना असाच चहा मिळाला. "एकदाच दोन लाख भरा, नंतर जन्मभर पेन्शन." दुसऱ्या वर्षी पुन्हा दोन लाखांची नोटीस आली. कागद उघडले तर दहा वर्षं हप्ता भरायची एन्डोमेंट पॉलिसी! वय त्रेसष्ट. उत्पन्नाच्या रकान्यात वर्षाला आठ लाख, व्यवसाय शेती (काकांच्या नावावर शेत सोडा, कुंडीसुद्धा नाही). ईमेल कुणा तिसऱ्याचाच. सही मराठीत, आणि त्याखाली "अर्जातला मजकूर यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितला" असं एका अनोळखी माणसाने लिहून दिलेलं. कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर काका सगळ्याला "हो, हो" म्हणाले होते, कारण तसंच म्हणायचं असं त्यांना आधीच पढवलेलं होतं.

इथे एक गंमत लक्षात घ्या. खऱ्या अर्थाने पेन्शन देणारी गोष्ट म्हणजे ॲन्युइटी. एकरकमी पैसे द्यायचे आणि जिवंत असेपर्यंत ठरलेली रक्कम घ्यायची. पण २०२३ साली कमिशनचे नियम बदलेपर्यंत तिच्यावर विकणाऱ्याला जास्तीत जास्त दोन टक्के मिळायचे, तर लांब मुदतीच्या हप्त्याच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी पस्तीस टक्क्यांपर्यंत. आता सांगा, केबिनमधला माणूस काय विकेल? नाव पेन्शनचं, माल दुसराच. मोनिका हलन, रेणुका साने आणि सुसान थॉमस यांनी २००४-०५ ते २०११-१२ या काळात चुकीच्या विक्रीमुळे आयुर्विमा ग्राहकांचं झालेलं नुकसान दीड लाख कोटी रुपयांच्या घरात काढलं होतं. २०२२ साली तर छोट्या शहरांत पंचाहत्तरीच्या पुढच्या लोकांना आयुर्विमा विकला जातोय म्हणून अर्थ मंत्रालयाला सरकारी बँकांना पत्र लिहावं लागलं. काकांची तक्रार शंभर टक्के काकांची होती. ती मी आनंदाने लिहून दिली.

दुसरी फाईल वेगळी. एक मावशी, वय बहात्तर, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी खरोखरची ॲन्युइटी घेतलेली, तीसुद्धा मूळ रक्कम परत न मिळणारी. मुलगा भयंकर संतापला होता. "आईला फसवलं, गेल्यावर एक रुपया मिळणार नाही, तू लिही तक्रार!" मी कागद वाचले. सगळं बरोबर. उत्पन्न खरं, फोन नंबर त्यांचा स्वतःचा. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मला माहितीये रे. परत मिळणारी घेतली असती तर महिन्याला कमी आले असते. मी गेल्यावर पैसे घेऊन काय करू?"

हिशोब अगदी बरोबर होता. मूळ रक्कम वारसांना ठेवायची तर पेन्शन कमी, नाही ठेवायची तर जास्त, आणि वय जितकं जास्त तितका हा फरक मोठा. धोका एवढाच की असा पर्याय सहसा मधेच मोडता येत नाही. म्हणून दवाखान्यासाठी वेगळी एफडी ठेवली आहे का ते विचारलं. होती. मग तक्रार कसली? मी लिहून दिली नाही. मुलगा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. असो.

नियमसुद्धा याच बाजूने आहेत. विमा लोकपालांकडे तक्रार पॉलिसीधारकाने स्वतः करायची असते. वारस किंवा नॉमिनीही करू शकतात, पण आई समोर जिवंत बसलेली असताना तिच्या वतीने वारस म्हणून कसे उभे राहणार? आपण फार तर टाइप करून द्यावं. मजकूर तिचा, सही तिची. "माझ्या आईला सांगितलं गेलं" यापेक्षा "मला अमुक तारखेला, अमुक टेबलावर असं सांगितलं" हे कितीतरी वजनदार असतं, आणि सुनावणीत प्रश्न तिलाच विचारतात. शिवाय तिच्या तोंडून ऐकताना आपल्यालाही कळतं की ती खरंच फसली आहे की फक्त आपल्याला न विचारता तिने काही केलं आहे.

बाकी काम सोपं आहे. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत असाल तर भांडू नका, सरळ फ्री-लूकमध्ये परत करा. २०२४ पासून हे तीस दिवस सगळ्यांना आहेत, पूर्वी साधारण पंधराच असायचे. मुदत गेली असेल तर आधी कंपनीला लेखी तक्रार, सोबत प्रपोजल फॉर्मची प्रत मागायची (खरी कथा तिथेच असते). 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंदही करता येते. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, २०२३ पासून पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात. नाशिकचं कार्यालय म्हणजे पुण्याचं, नारायण पेठेत. पण २०२१ पासून ऑनलाइन तक्रार आणि व्हिडिओवर सुनावणी चालते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला चंदनापुरीचा घाट ओलांडायची गरज नाही. मुलाने लॅपटॉप उघडून द्यावा आणि कॅमेऱ्याच्या बाहेर बसावं.