शिंदखेडा दोनदा कसा?

धुळे जिल्ह्यात तालुके किती? चार. धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा. शाळेतलं पोरगंही सांगेल. पण माझ्या लॅपटॉपवरच्या डेटाबेसने परवा पाच सांगितले! शिंदखेडा दोनदा. डोळे फाडून बघितलं, दोन्हीकडे वेलांटी तीच, अनुस्वार तोच. कुणी सिंदखेडा लिहितं, कुणी शिंदखेडा. पण तो फरक निदान दिसतो तरी.

झालं असं, की पीक नुकसानीच्या बातमीसाठी एक गावनिहाय यादी हाती आली होती. ती एसक्यूलाइटमध्ये टाकून फक्त शिंदखेड्याच्या नोंदी मागवल्या. आकडा इतका कमी, की मथळाही रचून ठेवला: 'शिंदखेड्यावर अन्याय'. मग सहज तालुक्यावर 'ग्रुप बाय' मारलं आणि दुसरा शिंदखेडा समोर आला. नसता आला तर कितीतरी गावं बातमीतून गायब, आणि तीही माझ्या नावानिशी.

या दुसऱ्या शिंदखेड्याच्या शेपटीला 'नॉन-ब्रेकिंग स्पेस' चिकटली होती. नंबर १६०. वेबपेजवरून कॉपी-पेस्ट करताना ती बरेचदा सोबत येते. साधी स्पेस ३२ नंबरची, आणि 'ट्रिम' फक्त तिलाच ओळखतं. एक्सेलमध्येही तेच. म्हणून ट्रिम मारलं, झालं साफ, असं समजू नका. आधी 'लेंग्थ' मोजा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सुटे धरले तर शिंदखेडा ८ खुणांचा. ९ आल्या की पाहुणा आलाय म्हणायचं. तो कोण, ते 'हेक्स' सांगतं. 'रिप्लेस'ने १६०च्या जागी साधी स्पेस घाला आणि मग ट्रिम करा.

इथवरचं कुठल्याही इंग्रजी ट्युटोरियलमध्ये मिळेल. पण 'न दिसणारी सगळी अक्षरं सरसकट उडवा' हा त्यापुढचा सल्ला मराठीत ऐकाल तर फसाल.

हे दोन शब्द बघा: शेतकऱ्यांना, शेतकर्‍यांना. फरक दिसतो? बहुतेक नाहीच. पण पहिल्यात ११ खुणा आहेत, दुसऱ्यात १२. आपला हा अर्धा र टाइप करायच्या दोन रीती आहेत. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे 'झिरो विड्थ जॉइनर', म्हणजे ८२०५ नंबरचं अदृश्य अक्षर. युनिकोडला दोन्ही चालतात. दुसरी जुन्या २.० आवृत्तीशी जुळवून घ्यायला ठेवली आहे. एसक्यूलाइट मात्र बाइट बघतं. एक शोधला तर दुसरा मिळत नाही. काही डेटाबेस 'कोलेशन'च्या सेटिंगनुसार हा फरक सोडून देतात, पण त्या भरवशावर राहू नका.

आता हा जॉइनर कचरा समजून उडवलात तर 'शेतकर्यांना' उरतं. ते निदान चुकीचं दिसतं. पण आचाऱ्याला दिलेले पैसे आचार्याला गेले, दऱ्यांचा दर्या झाला, तर? दोन्ही शब्द शुद्ध, चूक पकडणार कोण? म्हणून जॉइनर पुसायचा नाही, बदलायचा: र, हलन्त, जॉइनर हे त्रिकूट दिसलं की तिथे ऱ आणि हलन्त घाला. मूळ कॉलम तसाच ठेवा, दुरुस्ती शेजारच्या नव्या कॉलममध्ये करा. आणि शोधाच्या खिडकीत येणाऱ्या शब्दालाही हीच गाळणी लावा. हे बरेचदा राहून जातं.

तुमच्यापैकी कितीतरी जण प्रोजेक्ट म्हणून विद्यार्थ्यांची नाहीतर लाभार्थ्यांची सॉफ्टवेअर करत असाल. टेस्टिंगला काय टाकता? पाटील, पवार. त्यात कऱ्हाडे आणि गोऱ्हे टाका, दोन्ही रीतींनी. नाहीतर उद्या एखादी कऱ्हाडे खिडकीसमोर उभी असेल आणि आतून आवाज येईल, "नाव नाही यादीत, स्पेलिंग नीट सांगा." ती बिचारी नाव बरोबरच सांगत असते, चूक आपल्या क्वेरीत असते, आणि परत घरी जायचं भाडं मात्र तिच्या खिशातून जातं. अशा वेळी 'नोंद सापडली नाही' म्हणण्याआधी मिळत्याजुळत्या नावांची यादी दाखवायला किती कोड लागतो? तो लिहिणं बनवणाऱ्याचंच काम आहे, असं माझं स्पष्ट मत.

बाकी, दोन्ही शिंदखेडे एकत्र केल्यावर तालुक्याचा आकडा शेजारच्या तालुक्यांइतकाच निघाला. बातमी आतल्या पानावर, चार ओळींत आली.