मुलाखत मुलाची की कोटाची?

मी दहावी शिकलेला माणूस. तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. महाविद्यालयीन प्रवेशाची मुलाखत मी जन्मात दिलेली नाही. तेव्हा ‘या मास्तराला त्यातले काय कळते?’ असे कोणी विचारल्यास मी मुकाट्याने ऐकून घेईन. पण कपडे मला कळतात. माझे वडील शिंपी होते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला व्यवस्थापनशास्त्राच्या एका संस्थेचे मुलाखतीचे बोलावणे आले. खाली ओळ होती : ‘औपचारिक पोशाख अनिवार्य.’ पोरगा कागद घेऊन माझ्याकडे आला. ‘सर, औपचारिक म्हणजे काय हो?’ मी मोठ्या शहाणपणाने सांगितले, ‘कोट!’ आणि ट्रंकेतला माझ्या लग्नातला कोट त्याच्या अंगावर चढवला. बाह्या बोटांवर येत होत्या. त्या आतून दुमडून टाचून दिल्या.

मुलाखतीत त्याला फळ्यावर आकृती काढायला सांगितले. एरवी हा पोरगा सबंध फळा व्यापून टाकणारा! पण काळ्या कोटावर खडू सांडेल आणि सरांचा कोट खराब होईल, या धास्तीने त्याने कोपऱ्यात इवलीशी आकृती काढली. ‘आत्मविश्वास कमी दिसतो,’ असा शेरा त्याने तिथेच ऐकला. प्रवेश मिळाला नाही. तो कोटापायी गेला असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी परीक्षकांसमोर माझा विद्यार्थी उभा नव्हता, माझा कोट उभा होता, एवढे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आता गंमत पाहा. याच देशात वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला बूट चालत नाहीत, लांब बाह्या चालत नाहीत. अर्ध्या बाह्यांत आणि चपलांत या, म्हणतात. का? तर कॉपी होऊ नये म्हणून. म्हणजे लेखी परीक्षेला चप्पल हा प्रामाणिकपणाचा पुरावा आणि तोंडी परीक्षेला तीच चप्पल अडाणीपणाचा! पोराने करावे तरी काय?

यावर एक आक्षेप मला ऐकू येतो आणि तो हलका नाही. ‘मास्तर, डॉ. आंबेडकर सूट घालत होते. १९२७ साली महाडला त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी रीत बदलायला सांगितले. दबलेल्या माणसाला चांगला कपडा बळ देतो.’ मान्य! शंभर वेळा मान्य! अंगावरच्या कपड्यावरून जात ओळखणाऱ्या समाजाच्या तोंडावर मारलेली ती चपराक होती. गांधींनी १९२१ साली मदुरेला पंचा स्वीकारला, तोही असाच एक जबाब होता. पण मंडळी, बाबासाहेबांचा सूट आणि गांधींचा पंचा यांत एक गोष्ट समान होती : दोन्ही ज्याचे त्याने निवडले होते. आमच्या पोराने काय निवडले? त्याने फक्त उसने घेतले. निवडलेला कपडा पाठ ताठ करतो. उसना कपडा पाठीवर बसतो.

शिक्षणाच्या दाराशी कपड्याचा हिशेब नवा नाही. सावित्रीबाई शाळेत शिकवायला जाताना जादा साडी बरोबर नेत; वाटेत लोक अंगावर शेणचिखल फेकत. आज कोणी शेण फेकत नाही. आज फक्त कागदावर ‘औपचारिक’ असा शब्द छापतात.

माझे मागणे मोठे नाही. त्या शब्दाच्या जागी ‘स्वच्छ’ हा शब्द छापा. धुतलेला, इस्त्री केलेला सदरा गरिबाच्याही घरी असतो. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, पोरगा विचारायला आला तर माझ्यासारखी ट्रंक उघडू नका. त्याला सांगा, ज्या कपड्यांत तुला खडू हातात घ्यायची भीती वाटत नाही, ते घाल.

वडील माप घेताना गिऱ्हाइकाला हात वर करायला लावीत. म्हणत, ‘हात मोकळा उचलता आला नाही तर कपडा चुकला, माणूस नव्हे.’ ते शाळेत गेले नव्हते. मी गेलो होतो, तरी विसरलो.