धर्मादाय आणि पाठीवरचा भार

कंपनी कायदा, २०१३ च्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर एक बंधन घातले आहे. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यास लावावयाचे असतात. आम्हां धान्याच्या पेढीवाल्यांस हे कलम लागू नाही. म्हणून आमची जबाबदारी संपली काय?

कित्येक बंधू म्हणतील, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या धर्मादाय काढीत आलो आहो. खरे आहे, त्यातूनच पांजरपोळ, पाणपोया व धर्मशाळा चालल्या. परंतु धर्मादाय हा बिलावर गिऱ्हाइकाकडून घेतलेला पैसा होय. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे असाच निर्णय दिला. जे आपले उत्पन्नच नव्हे, त्याच्या दानाचे श्रेय आपण कसे घ्यावे? तेथे आपण केवळ विश्वस्त आहो.

आमच्या मते आपले कर्तव्य आपल्याच वखारीत सुरू होते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण सांगितले आहे. मुक्या जनावराच्या पाठीविषयी आपण हळहळतो. मग हमालाच्या पाठीचे काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या भाराची मर्यादा ५५ किलो सुचविली. शंभर किलोचे पोते त्याच्या जवळजवळ दुप्पट भरते. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून हमालांच्या भविष्यनिर्वाह निधीची व औषधोपचाराची तरतूद मालकांच्या वर्गणीतून केली. कायद्याने भाग पाडल्यावर देणे व आपण होऊन देणे, यांत अंतर आहे.

लहान पोत्यास बारदान अधिक लागते, शिलाई वाढते, आणि एकट्याने हे केल्यास शेजारची पेढी स्वस्त विकते, ही अडचण आम्ही जाणतो. म्हणूनच हे काम संघाचे आहे. संघाने सर्वानुमते ठरवावे की, अमरगोळच्या बाजार आवारात कोणाही सभासदाचे पोते ५० किलोंहून जड नसावे. हमाली पोत्यावर नव्हे, क्विंटलवर द्यावी, म्हणजे हमालाची मजुरी घटणार नाही. आणि काम करताना जायबंदी झालेल्या हमालाचा औषधोपचार व खाडे यांचा खर्च पेढीच्या नफ्यातून व्हावा, धर्मादायातून नव्हे.

केशवापुरातील आपल्या घरांत जे अन्न शिजते, ते कोणाच्या तरी पाठीवरूनच आलेले असते. तेव्हा या ठरावाचा विचार सभासदांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी अवश्य करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.