तुटलेलं जाळं मासे धरतच राहतं

आज उसाचं नाही, जाळ्याचं बोलतो.

मागच्या आठवड्यात उजनीच्या फुगवट्यात माझं फेकजाळं गेलं. वडिलांच्या हातचं. दोन पावसाळे ओसरीत बसून विणलेलं, कडेला शिशाच्या गोळ्या. धरणात बुडालेल्या शिवारातले बाभळीचे खुंट अजून तळाला हायेत, त्यात अडकलं. जोर केला तर मनगटाची दोरीच तुटली. घरी आलो, जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी विहिरीतली बादली काढायचा लोखंडी गळ घेऊन पोरासंगं होडीतून गेलो. अर्धं जाळं वर आलं. त्यात चार चिलापी कुजलेल्या आणि एक पाणकावळा, पंख गुरफटून मेलेला. वडिलांच्या जाळ्यात असलं कधी बघितलं नव्हतं.

आजोबांचं जाळं सुताचं होतं. पाण्यात राहिलं तर कुजून जायचं. नायलॉन कुजत नाही, वर्षानुवर्षं मासे मारत राहतं, खाणारं कुणी नसतं. म्हणून माझं मत, जाळं तुटलं की "गेलं" म्हणून घरी बसू नये. खूण ध्यानात ठेवा, परत जाऊन काढा. तंगुसाचे तुकडे काठावर टाकू नका, तिथंच आपली म्हसरं चरतात. (मल्चिंग पेपर वावरातच नांगरून टाकणारे पण आपणच, ते परत कधी.)

उरलेलं अर्धं खालीच आहे. मे महिन्यात पाणी हटलं की चिखलातून चालत जाणार. कुणी येणार असाल तर कळवा, येताना कोयता आणा.