जनरल रजिस्टरातील अखेरचा रकाना

शाळेचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे सामान्यतः इमारतीची कोनशिला कोणी बसविली, मुख्याध्यापक कोण कोण होऊन गेले आणि परीक्षेत पहिल्या क्रमांकाने कोण उत्तीर्ण झाले, एवढे लिहून लेखक मोकळा होतो. या गोष्टी मानाच्या आहेत. त्या लिहू नयेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु शाळेचा खरा इतिहास कार्यालयातील कपाटात एका जाड वहीत असतो, आणि दाखल्याची गरज पडल्यावाचून ती वही कोणी उघडीत नाही. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख अंकी व अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिवस, प्रगती, वर्तणूक असे तिचे रकाने असून शेवटाकडे एक रकाना असतो: शाळा सोडल्याचे कारण.

या वहीचे महत्त्व सातारकरांनी ओळखले आहे. तेथील राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी नऊ वर्षांचा एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे त्याचे नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. ती नोंद शाळेने जपून ठेवली, आणि २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका कारकुनाने दौतीत टाक बुडवून लिहिलेली ओळ सबंध प्रांताचा सण होऊन बसली! तरी त्या ओळीत सर्व काही आले असे मात्र नव्हे. वर्गात बसावयास आपणांस घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे, असे बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. रजिस्टरात पाण्याचा रकाना नसतो.

ज्यांची नावे पुढे गाजली त्यांच्या नोंदी अशा रीतीने सांभाळल्या जातील. आम्हांस काळजी आहे ती बाकीच्यांची. जोतीराव फुले यांचे उदाहरण घ्या. लोकांच्या सांगण्यावरून त्यांच्या वडिलांनी त्यांस शाळेतून काढून मळ्यातील कामास लावले होते. गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. ते दोन शेजारी त्या वाटेला गेले नसते तर? मग एका माळ्याच्या मुलाने शाळा सोडली, एवढेच उरले असते. पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी याच जोतीरावांनी केली. शाळा सुटणे म्हणजे काय, हे त्यांस पुस्तकात वाचावे लागले नव्हते.

आता आपल्या सोलापुराकडे वळू. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिला लोक जुनी गिरणीच म्हणत आले. त्या काळी सात वर्षांच्या मुलाने गिरणीत काम करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. १८९१ च्या कायद्याने ही मर्यादा नऊ वर्षांवर नेली, आणि १९२२ मध्ये बारावर. म्हणजे आज ज्या वयाचा मुलगा आपल्याकडे चौथीत बसतो, त्या वयाचा मुलगा भोंगा झाला की साच्यावर जाई. ते भोंगे आता बंद पडले. परंतु मागावरचे काम, विड्यांचे सूप आणि ऊसतोडीस निघालेली बैलगाडी यांनी मुलामुलींस बोलावणे अजून सोडलेले नाही. घरी तेलुगू, गल्लीत कानडी किंवा उर्दू आणि वर्गात मराठी अशी कसरत करणारी आपली मुले गड्ड्याच्या जत्रेनंतर आठ दिवस गैरहजर राहिली तर आम्ही रागावतो, आणि ते योग्यच आहे. पण जो जत्रा संपून महिना झाला तरी येत नाही, त्याची विचारपूस कोण करतो?

अशा मुलाचे नाव अखेरीस कमी होते आणि कारणाच्या रकान्यात पडते ते एक ठरीव वाक्य: पालकांच्या विनंतीवरून. हे वाक्य सोयीचे खरे, पण त्यातून काहीही कळत नाही. वडिलांचा कारखाना बंद पडला, आई आजारी म्हणून धाकट्या भावंडांस सांभाळावयास मुलगी घरी राहिली, सोळाव्या वर्षी लग्न ठरले, पाऊस न झाल्याने कुटुंब पुण्यास गेले, या सर्वांवर एकच पांघरूण! आमचे स्पष्ट मत असे की हा रकाना खरा लिहिला जावा. आणि तो लिहिण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी एकदा त्या घरी जाऊन यावे. पाच घरी गेल्यावर एक मूल परत आले तरी ती फेरी फुकट गेली असे कोण म्हणेल? शिक्षकांवर आधीच कामाचा भार आहे हे आम्ही जाणतो. म्हणूनच पालकांसही सांगणे आहे की शेजारच्या दारी जाण्यास शिक्षकाची सनद लागत नाही.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. जातीच्या दाखल्यासाठी आज विमुक्त जातींच्या कुटुंबांस सन १९६१ पूर्वीचा, तर इतर मागासवर्गीयांस १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. ज्यांच्याजवळ सातबारा नाही, घराचे कागद नाहीत, त्यांस आजोबांच्या शाळेची एक ओळ हाच आधार. आपल्या शहरात तारेच्या कुंपणात गुन्हेगार जमातींची वसाहत होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. त्या कुंपणातील मुलांनी जेथे पाटी धरली तेथील वह्यांस वाळवी लागली, तर त्यांच्या नातवंडांची फी माफ व्हावयाची ती होत नाही. वाळवीस हे कोणी समजावून सांगावे!

पाने हाताळल्यास तुटतात, शाई फिकट होत जाते आणि गळक्या छपराचे पाणी कपाट निवडून घेत नाही. नव्या नोंदी संगणकात जातात हे चांगलेच झाले. जुन्यांचे मात्र अद्याप कोणी मनावर घेतलेले नाही. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, वह्या जमिनीपासून वीतभर उंच ठेवाव्या, आणि वर्षवार यादी करावी, एवढे काम आहे. दिवाळीच्या सुटीत वरच्या वर्गांतील दहाबारा विद्यार्थ्यांनी एका शिक्षकांच्या देखरेखीखाली ते हाती घेतल्यास आठवड्यात बरेच उरकेल. वही कार्यालयाबाहेर नेऊ नये आणि त्यातील जात वा जन्मतारीख चव्हाट्यावर बोलू नये, ही अट आम्ही स्वतःच घालतो. मुख्याध्यापकांनी अनुज्ञा द्यावी, अशी विनंती आहे.