‘जुनं झालंय’ म्हणजे नक्की काय झालंय?

‘चालत नाहीये’ एवढंच लिहिलेला बग कोणी पाठवला तर आपण काय करतो? परत पाठवतो. काय चालत नाही, कुठे, कधीपासून, ते सांग की बाबा! पण तेच आपण पेठेतल्या एखाद्या वाड्यासमोर उभे राहिलो की एका वाक्यात मोकळे होतो, ‘किती जुनं झालंय!’

माझं मत विचाराल तर या आळशी वर्णनाने भिंतीचंच नुकसान होतं.

मराठीत यासाठी किती नेमके शब्द आहेत बघा. रंग उन्हाने विटतो. पायरी झिजते. लोखंड गंजतं, उघडं लाकूड तडकतं, दगड शेवाळतो, काळवंडतो. आणि विटेच्या भिंतीला लोणा लागतो. यातल्या बहुतेक शब्दांत कारणाचा पत्ता आहे.

लोण्याचंच घ्या (खायचं नव्हे!). जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, बाहेर येऊन वाळते आणि सोबत आणलेले क्षार तिथेच सोडते. त्यांचे स्फटिक वाढले की वीट भुगा होऊन गळायला लागते. याला नुसतं ‘जुनं झालंय’ म्हटलं की उपाय ठरलेला: सिमेंटचा गिलावा, वर ऑइलपेंट. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडत असते. सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग ओल आणखी वर चढते आणि पोपडे पुन्हा हजर. बग तसाच, वर नुसता पॅच!

शनिवारवाड्याचा तट बघा. वाडा १७३०-३२ मधला. आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, तट उरला. तटाला खाली दगड, वर वीट. पाऊस दोघांवर एकच, पण झीज वेगळी. मग दुरुस्ती एकच कशी चालेल?

आणि प्रत्येक झीज म्हणजे रोग नव्हे. आपला काळा पाषाण हवापाण्याने कुजला की मुरूम होतो, मुरमाची पुढे माती. ती प्रक्रिया फार सावकाश चालते. त्याच पाषाणात आठव्या शतकात कोरलेलं पाताळेश्वर जंगली महाराज रस्त्यावर अजून उभं आहे. त्याचा काळवंडलेपणा घासून काढायची गरज नाही.

असो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी ‘कलर मारून घेऊ’ म्हणालं, तर आधी एवढंच विचारा: रंग विटलाय, ओल आलीये, की लोणा लागलाय? उत्तर आल्याशिवाय कोटेशन मागवू नका.